एरंडेलाचा गुन्हा

१

चाचणीखोलीचं दार उघडलं तेव्हा आधी तिच्या कानांना कळलं, डोळ्यांना मागाहून. खोली गप्प होती.

गेले कित्येक आठवडे त्या खोलीतला कॉम्प्रेसर रात्रंदिवस घुमत होता. फ्रिजच्या पाठीमागे तळाशी काळं, मडक्यासारखं बंद भांडं असतं ना, तोच कॉम्प्रेसर. फ्रिजचं काळीज म्हणा. आत एक पोलादी दांडा फिरतो, दट्ट्या पुढेमागे होतो, आणि लोखंडाने लोखंडाला खाऊ नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. इतरांच्या पोटात खनिज तेल असतं. याच्या पोटात एरंडाच्या बियांपासून केलेलं तेल होतं. त्याला मुद्दाम तापवून, दामटून पळवत होते, म्हणजे घरच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं होणारी झीज इथे आठवड्यांत दिसावी.

आता ते भांडं गार पडलं होतं. भिंतीवरचं बटण बंद. तिने ते दाबलं. आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि विरला. दांडा जाम.

कारखान्यात तिला सगळे चिंताताई म्हणत. कामावर असताना ती घरी फोन करून विचारी, गॅस बंद आहे ना. आणि घरी पोचली की कामावर फोन करून विचारी, चाचणीखोली बंद आहे ना. चेष्टा व्हायची, पण घर्षण आणि झीज तपासायच्या टेबलावर साहेबांनी तिलाच बसवलं होतं. "जिला सगळंच झिजणार असं वाटतं, तिलाच झीज आधी दिसते," म्हणाले होते.

आणि तिनेच या तेलाला 'चालेल' म्हटलं होतं. पोलादी गोळी तेलात बुडवून चकतीवर घासून घासून पाहिली होती. खनिज तेलाहून ओरखडा बारीक आला होता. तिच्या त्या एका शब्दावर याच तेलाचे चार फ्रिज चार बालदवाखान्यांत गेले होते, मुलांच्या लशी ठेवायला. त्यातला एक तिच्या तान्ह्या लेकीच्या, बबडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. आणि बबडीला आज दुपारी लस टोचायची होती.

साहेब आले, दारातच थबकले. "बंद पडला?"

"जाम झालाय, साहेब."

"तेलाने केलं, की कुणाच्या हाताने?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? पण दवाखान्यांना कळवायला हवं ना? तिथेही हेच तेल..."

"काय कळवणार? काळीज बंद पडेल कदाचित, असं? एकदा फ्रिज परत मागवले की या तेलाचं नाव पुन्हा कुणी काढणार नाही. संध्याकाळपर्यंत मला एक शब्द द्या. तेल की हात. तेल असेल तर चारी परत."

साहेब गेले. तिने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, काहीतरी निमित्त काढून. तापमान ठीक होतं. पण तिला ठाऊक होतं, जाम होणारा दांडा आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवत नाही. दवाखाना बंद असताना फ्रिज थांबला, तर धोक्याची घंटी रिकाम्या खोलीत वाजणार. आणि ऊब लागून बिघडलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच दिसते.

२

भांडं कापायला पानामामा आले. हे कारखान्याचे मिस्त्री. खिशात कायम पाना, झोपतानाही काढत नसतील अशी वदंता. कॉम्प्रेसर जोडणं, त्यात तेल भरणं, हवा उपसून बंद करणं, सगळं त्यांच्या हातचं. पाठोपाठ एरंडेलकाका धावत आले. ते रसायनवाले; तेल त्यांनी घडवलेलं. पोटचं पोर दवाखान्यात नेलंय, असा चेहरा.

"माझ्या तेलाने नाही झालेलं हे," आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं.

"अजून कापलंही नाही, काका," ती म्हणाली.

"नसेना का."

करवत थांबली. पानामामांनी वरचं टोपण उचललं. "तुमचं तेल लई नखऱ्याचं बघा, काका. भरतानाच जीव घेतला माझा. मधासारखं घट्ट. धारच धरेना."

"मधासारखं?" काका उसळले. "माझं तेल? अहो, पातळ व्हावं म्हणून तर दोन वर्षं घासलीयेत मी! लहानपणी नाक दाबून पाजायचे ते एरंडेल वेगळं, हे वेगळं."

"मी आपलं पाहिलं ते सांगितलं. पोटात गेलं की परिणाम मात्र तोच दिसतोय."

"मामा!" ती ओरडली, पण तिला हसू आलंच. मग दांडा हातात आला आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

तेल कमी पडलं की दांडा कसा दिसतो, ते तिला तोंडपाठ होतं. खोल, आडवेतिडवे चरे. उष्णतेने निळसर-जांभळी पडलेली कातडी. तिने भिंग लावलं. चरे जवळपास नव्हतेच. निळं काही नव्हतं. पोलाद गुळगुळीत होतं, मात्र जिथे दांडा बेअरिंगमध्ये फिरतो नेमक्या तिथे त्याच्यावर फिकट गुलाबी झाक होती. पहाटेच्या ढगावर असते तशी.

तिने कापडाने पुसलं. झाक गेली नाही. नखाने खरवडलं. नाही गेली.

पोलाद काही लाजत नाही. मग हा दांडा गुलाबी झाला कशाने?

काका वाकले, पाहिलं आणि गप्प झाले. काका गप्प, ही कारखान्यातली दुर्मिळ गोष्ट.

"काका, बोला ना."

"तांबं आहे ते," ते हळूच म्हणाले. "आणि ताई, एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या? यंत्र जाम झालं असतं तर सुरक्षेची कळ पडली असती. बटण बंद नसतं झालं. ते कुणीतरी हाताने बंद केलंय."

३

चाचणीखोलीची किल्ली ज्यांच्याकडे असे, त्यांत तिला न आवडणारा माणूस एकच होता. खवचटराव. कॉम्प्रेसरचे आराखडे करणारे इंजिनियर. पहिल्या बैठकीतच ते म्हणाले होते, "उद्या खोबरेल घाला, म्हणजे फ्रिजचे केसही वाढतील."

ते आपल्या टेबलाशी नको इतकं मन लावून काम करत होते.

"काल सगळे गेल्यावर चाचणीखोलीत तुम्ही होतात?" तिने सरळच विचारलं.

"मी? मला काय काम तिथे?"

"बटण कुणीतरी बंद केलंय. माझ्याकडे किल्ली आहे, साहेबांकडे आहे, तुमच्याकडे आहे."

खवचटरावांनी पेन्सिल ठेवली, पुन्हा उचलली. "केलं बंद. मग?"

इतक्या लवकर कबुली येईल असं वाटलं नव्हतं.

"आत्ता लगेच साहेबांकडे धावू नका," ते म्हणाले. "जाताना मी रोज त्या खोलीत डोकावतो. ऐकायला. इतका गोड आवाज मी माझ्याही यंत्राचा ऐकलेला नाही. आता हे चारचौघांत सांगितलंत तर मी साफ नाकारेन. काल आवाज बिघडला. घशात काहीतरी अडकल्यासारखा. मी झटकन बंद केलं. तसंच चालू राहिलं असतं तर आतलं सगळं एकमेकांत वितळून गोळा झाला असता, आणि आज तुम्हाला भिंगाखाली बघायला काही उरलं नसतं."

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"ज्याने चारदा भर बैठकीत 'हे बंद पडणार' म्हटलं, तोच रात्री हाताने बंद करून गेला. तुम्ही विश्वास ठेवला असता?"

तिने प्रामाणिकपणे मान हलवली. नसता ठेवला. पण गुलाबी झाक शाबूत होती, ती याच माणसामुळे. एवढं तिला पटलं.

काका मागून येऊन उभे होते. "आता माझं ऐका. तांबं दांड्यावर आकाशातून पडत नाही. नळ्या तांब्याच्या असतात. तेलात आम्ल तयार झालं की ते नळ्यांचं तांबं विरघळवतं, आणि आत सगळ्यात जास्त तापलेला पोलादी भाग गाठून तिथे चढवतं. मुलामाच म्हणा. दांडा आणि बेअरिंग यांत केसाएवढी फट. मुलामा चढला, फट भरली, दांडा अडकला."

"आणि आम्ल कशाने होतं?"

"पाण्याने. खनिज तेल पाण्याला जवळ करत नाही. माझं तेल करतं, तेवढा एक अवगुण आहे त्याच्यात. पण मी कोरडं ठणठणीत करून, झाकण सीलबंद करून डबा भांडारात दिला होता. म्हणजे..." काकांचा आवाज चिरकला. "म्हणजे कुणीतरी माझ्या तेलात पाणी घातलंय!"

ती काकांना घेऊन तडक भांडारात गेली. भांडार सांभाळणाऱ्या मावशी तीस वर्षं तिथेच होत्या, त्या खोलीत सुईसुद्धा त्यांना विचारून गंजे. काकांच्या तोंडून 'पाणी' ऐकताच त्यांनी पदर खोचला.

"पाणी? माझ्या भांडारात? काका, तुम्ही दोन डबे आणून दिलेत, तेव्हा काय म्हणालात? 'मावशी, जपा बरं, हे नासणारं तेल आहे, बियांचं आहे.' म्हणालात की नाही? डोळ्यांत तेल घालून तेल सांभाळलंय मी. पोटच्या लेकरांना जपलं नाही एवढं जपलं."

"रागावू नका ना, मावशी," ती म्हणाली. "डबा बघू तेवढा."

चाचणीच्या यंत्रात ज्यातलं तेल गेलं, तो डबा पत्र्याचा होता. टोपण घट्ट, पत्रा धड, भोक नाही, ठोकलेला नाही. फक्त काकांनी चिकटवलेली कागदी पट्टी फुगली होती, कडा वळल्या होत्या, आणि शाई एका बाजूला ओघळली होती.

"ही कशी भिजली?"

"काय माहीत," मावशी म्हणाल्या. "इथे तर छपराला गळतीही नाही."

खरंच नव्हती. शेजारच्या खनिज तेलाच्या डब्यांच्या पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या. पाणी याच एका डब्यावर येऊन बसलं होतं. कुठून?

फोन वाजला. सासूबाई. "अगं, आम्ही निघालो दवाखान्यात. तू येत्येस, की तिथूनच काळजी करणार आहेस?"

४

दवाखान्यात शिरल्या शिरल्या ती बबडीकडे गेली नाही. सरळ फ्रिजपाशी गेली, मागे हात घालून कॉम्प्रेसरवर तळवा टेकवला. ऊबदार, एकसारखी थरथर. दारावरचा आकडा जिथे हवा तिथे.

"आईला लेकीपेक्षा फ्रिज प्यारा झालाय हो," सासूबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

"तुमच्याच कारखान्याचा ना?" डॉक्टरीणबाई हसल्या. "एकदम गुणी आहे. जुना सारखा आजारी पडायचा, माझ्या पेशंटांपेक्षा जास्त."

ती हसली नाही. बबडीला मांडीवर घेतलं. बबडीने आधी तिच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी चावली, मग भिंतीवरच्या हत्तीकडे बघून त्याला काहीतरी सुनावलं. डॉक्टरीणबाईंनी फ्रिज उघडला. थांबा म्हणावं का? काय सांगून? गेल्या कित्येक दिवसांचा आकडा यंत्राच्या पडद्यावर दिसत होता. एकदाही हललेला नव्हता. आजची लस चांगलीच होती. प्रश्न उद्याच्या लशीचा होता, परवाच्या मुलांचा होता.

डॉक्टरीणबाईंनी इवलीशी काचेची कुपी टेबलावर ठेवली. बघता बघता काच धुरकटली. मग तिच्यावर बारीक थेंब जमले, एकमेकांत मिसळले आणि कागदी पट्टीवरून ओघळले. पट्टीची कड हळूच वळली.

"डॉक्टर, ही कुठे भिजली?"

"कुपी? भिजली कुठे, घाम आलाय. थंड वस्तू बाहेर काढली की हवेतलं पाणी तिच्यावर येऊन बसतं. तुम्ही फ्रिजवाल्या, आणि मला विचारताय?"

"आणि टोपण उघडं असतं तर?"

"तर आतही बसलं असतं. धरा हिचा पाय."

बबडीने जी किंकाळी फोडली, तिने रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. ती मात्र लेकीला थोपटत, एकटक त्या कुपीकडे बघत होती. मधासारखं घट्ट. धारच धरेना. काकांचं पातळ तेल घट्ट कधी होईल?

गार पडल्यावर.

"आई, तुम्ही हिला घरी न्याल? मला परत जायला हवं."

सासूबाईंनी बबडीला घेतलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच टोमणा गिळला. "जा. हिला ताप आला तर मी बघते. तू तुझं बघ."

५

"मावशी, बियांचं तेल घरी नासू नये म्हणून तुम्ही काय करता?"

मावशी भांडारात शेवटच्या कप्प्याची झाडलोट करत होत्या; तिच्या मागोमाग काका, पानामामा आणि खवचटरावही आत आले होते. "काय करणार? थंड जागी ठेवते. कुणीही तेच करेल."

"आणि काकांचं तेल?"

"तेही. इथे उकाडा किती! वरच्या मजल्यावर ती थंड खोली रिकामीच असते, फ्रिज तपासायची. तिथे ठेवले डबे." ऐकणाऱ्यांचे चेहरे बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "चुकलं का काही?"

एरंडेलकाका डोक्याला हात लावून पिंपावर बसले. "अहो, नासणारं म्हणजे... मी झाकण उघडू नका या अर्थाने..."

"मग तसं सांगायचं! मी काय तुमच्या पोटात शिरून बघू?"

आता पानामामांची पाळी होती. ते आपण होऊनच पुढे आले. "थंड होता डबा, हे खरं. पार गारठलेला. तेल सुटेना, साहेब तर डोक्यावर उभे, आज यंत्र सुरू झालंच पाहिजे म्हणून. मग मी झाकण काढून ठेवलं टेबलावर, जरा ऊब लागून पातळ होईल म्हणून. खनिज तेलाचं आम्ही थंडीत असंच करतो. जन्मभर करत आलोय. कधी काही झालं नाही."

"खनिज तेलाला नाहीच होणार," ती म्हणाली. "ते पाणी पीत नाही. पण हे तेल तहानलेलं आहे, मामा. गारठलेल्या डब्याला बाहेरून घाम आला, पट्टी भिजली. झाकण उघडं, म्हणून तोच घाम आतही आला. तेलाने तो पिऊन टाकला, तळाशी थेंबही दिसला नसेल तुम्हाला."

खवचटराव दाराला टेकून ऐकत होते. "म्हणजे कट नाही, घातपात नाही. कारखाना फ्रिजचा, आणि तेल मेलं थंडीने!"

कुणी हसलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. "मावशी, डबे दोन होते. चाचणीच्या यंत्रात दुसरा डबा गेला. दवाखान्यांच्या फ्रिजात पहिला. पहिलाही थंड खोलीत होता?"

"दोन्ही होते, ताई."

तिने मनात मोजले. चारी फ्रिज.

"थांबा, थांबा," पानामामा म्हणाले. "पहिला डबा आणला त्या दिवशी हवा उपसायचा पंप बिघडला होता. सीलसुद्धा तोडलं नव्हतं मी. दिवसभर डबा तसाच बंद पडून. दुसऱ्या दिवशी उघडला, तेव्हा धार कशी सुरेख लागली होती."

"बंद डब्यात घाम शिरत नाही," काका पिंपावरून उठत म्हणाले. "म्हणजे पहिला कोरडा!"

"मामांच्या आठवणीवर मी चार दवाखाने सोडणार नाही," ती म्हणाली. "पहिल्या डब्याच्या तळाला चिकटून चार थेंब तरी तेल उरलंय का?"

होतं. पाणी मोजायचं नाजूक यंत्र दुरुस्तीला गेलेलं. पण काकांकडे जुनी रीत होती: तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब. आत पाणी असेल तर ते उकळून तडतडतं. त्यांनी प्रयोगशाळेतला पोलादी तवा तापवला. आधी दुसऱ्या डब्यातला थेंब.

तड्. तड्तड्. मावशींनी डोळे मिटून घेतले.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "पहिला डबाही तडतडला, तर नक्की काहीच कळणार नाही. उरलेल्या तेलात पाणी नंतरही शिरलेलं असू शकतं. पण गप्प राहिला, तर सगळं कळलं. आज कोरडं आहे ते तेव्हा ओलं असूच शकत नाही."

काकांनी पहिल्या डब्यातलं तेल तव्यावर धरलं. थेंब पडला. पसरला. धुराची एक रेघ निघाली. आवाज नाही. दुसरा थेंब. नाही. तिसरा.

नाही.

मावशींनी चक्क काकांच्या पाठीत धपाटा घातला. खवचटराव म्हणाले, "वा! खोबरेलाचं नंतर बघू." तिने डोळे पुसले आणि साहेबांकडे जायला वळली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की पानामामा हसत नव्हते. ते खिशातला पाना बाहेर काढून हातात फिरवत होते.

"ताई," ते म्हणाले, "शेवटच्या फ्रिजला पहिला डबा पुरला नव्हता. चार बोटं कमी पडलं. मग दुसरा डबा उघडला तेव्हा त्यातलं वर घातलं."

"शेवटचा म्हणजे कुठला, मामा?"

"तोच. तुमच्या बाळाच्या डॉक्टरीणबाईंचा."

६

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. तिचा चेहरा पाहूनच लशी बर्फाच्या पेट्यांत हलवल्या. कारखान्यातला नेहमीचा, खनिज तेलाचा फ्रिज गाडीतून उतरला, गुणी फ्रिज गाडीत चढला. तो शेवटपर्यंत एकसारखा घुमत होता. वायर काढताना तिला क्षणभर अपराधीही वाटलं. कशावरून याला काही झालंय? चार बोटंच तर तेल.

कारखान्यात परत आल्यावर पानामामांनी त्याचं भांडं कापलं. या वेळी भिंग आधी काकांनी मागितलं. दांडा उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग तो तिच्या हातात दिला.

झाक फारच पुसट होती. एका अंगाने बघितलं तर पोलादच. दुसऱ्या अंगाने वळवलं की गुलाबी. फट अजून भरली नव्हती, पण भरायला सुरुवात झाली होती.

साहेब आले. तिने सगळं सांगितलं. थंड खोली, उघडं झाकण, घाम, आम्ल, तांबं. साहेबांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"म्हणजे तेल निर्दोष! हातच. उरलेल्या तीन फ्रिजांत कोरडं तेल आहे, ते तुम्हीच सिद्ध केलंत. राहू देत तिथे. शाब्बास, चिंताताई. एक शब्द मागितला होता, मिळाला."

"नाही, साहेब."

काकांनी चमकून वर पाहिलं.

"मावशींनी तेलाला माया केली," ती म्हणाली. "मामा आयुष्यभर बरोबर होतं तेच करत होते. काकांनी जपा म्हटलं, तेही खरंच. यात वाईट कोण? कुणीच नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. वाईट माणूस असता तर खोलीला कुलूप लावलं असतं. या तिघांच्या चांगुलपणाला काय लावू? उद्या त्या तीन फ्रिजांपैकी एकाची नळी फुटेल. गावातला कुठला तरी मिस्त्री येईल, भला माणूस असेल, आपल्या मामांसारखाच. फ्रिज उघडेल, तेलाच्या डब्याचं झाकण काढून ठेवेल, त्यातलं उरलेलं तेल परत भरेल. फ्रिज महिनोन्‌महिने छान चालेल. मग एके दिवशी दवाखाना बंद असताना थांबेल."

"पण घर्षणाच्या चाचणीत तुम्हीच याला पास केलंत," साहेब म्हणाले.

"हो. माझ्या टेबलावर सगळं कोरडं असतं. माझ्या टेबलावर मावशी नसतात, मामा नसतात, घाई नसते. तिथे मी गोळी आणि चकती घासली. माणसं घासून बघायची राहिली."

एरंडेलकाकांचा चेहरा पाहवत नव्हता.

"मग नापास म्हणायचं का माझ्या तेलाला?" त्यांनी विचारलं.

"तेल पासच आहे, काका. डबा नापास."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरचा मोठा डबा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, जणू पहिल्यांदाच बघतायत. "मामा," ते म्हणाले, "एका यंत्राला नेमकं किती लागतं हो?"

"भांड्यावर आहे. पेलाभर धरा."

"पेलाभराचा डबा केला तर? एकदाच फोडायचा, एकाच यंत्रात रिता करायचा. उरायलाच नको. मग ठेवा थंडीत, ठेवा उन्हात."

"आणि उघडा ठेवला तर?" मावशींनी विचारलं.

"तर फेकून द्यायचा. वरती तसं लिहायचं, मावशी. या वेळी पूर्ण वाक्य लिहीन."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. तीन फ्रिज परत आणायचे म्हणजे वरच्यांना काय सांगायचं, याचा हिशेब त्यांच्या पाठीवर दिसत होता. शेवटी ते वळले. "डबे तयार करून पुन्हा चाचणी लावा. अगदी पहिल्यापासून. आणि या खेपेला तेल मामांनी भरायचं, घाईत, मी डोक्यावर उभा असताना." खवचटरावांकडे बघून म्हणाले, "तुमची गाडी काढा. आपले नेहमीचे तीन फ्रिज चढवा."

"आत्ताच्या आत्ता?"

"हिचं तोंड बघा. उद्यावर ढकललं तर ही आज झोपेल का? आणि मला तरी झोपू देईल का?"

ती फोनकडे वळलीही होती. पहिल्या दवाखान्यात बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एका डॉक्टरांनी उचलला. मागे मुलांचा कलकलाट चालू होता, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी त्याला खुळखुळा वाजवून दाखवत होतं. तिने कारखान्याचं नाव सांगितलं, फ्रिज बदलायला माणसं निघाली आहेत म्हणाली.

"बदलायला? कशासाठी?" डॉक्टर गोंधळले. "काही बिघाड नाही हो त्यात. उत्तम चालतोय."

"हो, डॉक्टर," ती म्हणाली. "म्हणूनच आज येतोय. चालतोय तोवरच न्यायचाय."